चिमूटभरही नाही अशा नमुन्यातून स्ट्रॉन्शियमचे आयसोटोप मोजायचे तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: हातात फेल्डस्पारचे दाणे असलेले दगडाचे पातळ काप आहेत, शिवाय दाताच्या एनॅमलचे दोन-तीन तुकडे, एकेका जागेवरून २०-३० मायक्रोग्रॅमच्या वर काही निघणार नाही, आणि त्यातून स्ट्रॉन्शियमचा ८७/८६ रेशो (८७ आणि ८६ वजनाच्या अणूंचं, म्हणजे आयसोटोपचं, प्रमाण; दगड कुठला, प्राणी कुठे वाढला हे त्यावरून कळतं) काढायचाय, तर लेझर मारू का ड्रिल करून विरघळवू, आणि मशीन कुठलं चांगलं.

मशीनचं शेवटी बोलू, खरंच. सगळे आधी मशीन विचारतात आणि नमुन्यात स्ट्रॉन्शियम किती आहे हे विचारलं की गप्प होतात. आधी कागद-पेन घ्या आणि नॅनोग्रॅम मोजा.

समजा तुम्ही ०.३ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर खोल खड्डा पाडला. त्यातून साधारण १९ मायक्रोग्रॅम माल निघतो, घनता २.७ धरून. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार असेल आणि त्यात ५०० पीपीएम (दहा लाखात ५०० भाग) स्ट्रॉन्शियम असेल तर झाले साडेनऊ नॅनोग्रॅम, म्हणजे तुम्ही श्रीमंत. एनॅमलमध्ये १०० पीपीएम धरलं तर दोनच्या आसपास. आणि ५० पीपीएमवालं पायरॉक्सिन असेल तर जेमतेम १. एकाच आकाराचा खड्डा, पण एका ठिकाणी काम सोपं आणि दुसऱ्या ठिकाणी तारेवरची कसरत. म्हणून "माझा नमुना इतके मायक्रोग्रॅम आहे" हे वाक्य माझ्यासाठी अर्धंच असतं.

आता १ नॅनोग्रॅममधून किती बारीक उत्तर निघू शकतं ते बघा. १ नॅनोग्रॅम स्ट्रॉन्शियम म्हणजे जवळपास ६.९ लाख कोटी अणू. ऐकायला प्रचंड वाटतं, पण मशीनमधल्या तापलेल्या तारेवरून, म्हणजे फिलामेंटवरून, आयन (विद्युतभारित अणू) होऊन डिटेक्टरपर्यंत १ टक्का पोचले असं धरा (चांगल्या दिवशी जास्तही मिळतात), तर उरले ६,९०० कोटी. त्यातले ८७ वजनाचे ७ टक्के, म्हणजे ४८० कोटी, आणि ८६ वजनाचे साधारण ६८० कोटी. नुसत्या मोजणीची चूक यातून निघते १९ पीपीएम, दोन सिग्मा घेतलं तर ३८, म्हणजे रेशोच्या पाचव्या दशांशात २-३ चा फरक. याच्या खाली कुठलंही मशीन नेऊ शकत नाही, कितीही महागडं आणा, कारण अणूच तेवढे आहेत, वाढवायचे तर पोचणाऱ्यांची टक्केवारी वाढवा नाहीतर खड्डा मोठा पाडा. १०० पिकोग्रॅमवर आलात की हीच चूक तिप्पट होते. तेव्हा स्वतःला विचारा, मला जो फरक दाखवायचाय तो केवढा आहे? दाण्याच्या गाभ्यात ०.७०५० आणि कडेला ०.७०७० असेल तर चौथ्या दशांशापर्यंतचं उत्तरसुद्धा भरपूर झालं, तिथे सहाव्या दशांशासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

(हा सगळा बारीकपणाचा सोस चंद्रामुळे वाढला असं म्हटलं तरी चालेल. अपोलोचे दगड येणार म्हणून कॅलटेकमध्ये वासरबर्ग यांच्या गटाने खास मास स्पेक्ट्रोमीटर (अणूंना वजनानुसार वेगळं करून मोजणारं मशीन) बांधला, त्याचं नाव ल्युनाटिक, आणि लॅबचं नाव चक्क ल्युनाटिक असायलम. १९६९ मध्ये त्यांनी उल्कांवरून सूर्यमालेच्या सुरुवातीचा रेशो ०.६९८९९ असा पाचव्या दशांशापर्यंत दिला. आजचं जे काही आपण करतो ते त्याच रस्त्यावरचं आहे.)

आता लेझर का ड्रिल. लेझरचं आकर्षण मला कळतं, नमुना ठेवला, बटण दाबलं, मिनिटाभरात आकडा, केमिस्ट्री नाही, ॲसिड नाही. १५० मायक्रोमीटरचा स्पॉट आणि साठ मायक्रोमीटर खोली धरली तर तीनेक मायक्रोग्रॅम माल उडतो, ५०० पीपीएमच्या प्लॅजिओक्लेजमधून १.४ नॅनोग्रॅम स्ट्रॉन्शियम, ठीकच आहे. पण केमिस्ट्री नाही याचा अर्थ असा की नमुन्यातलं जे जे आहे ते सगळं एकत्र मशीनच्या प्लाझ्मात (आर्गॉनच्या अतितप्त ज्वाळेत) जातं, आणि मग ८७ नंबरच्या कपात (डिटेक्टरमध्ये) नेमकं कोण येऊन बसलंय ते तुम्हाला गणिताने ओळखावं लागतं.

पहिला पाहुणा रुबिडियम. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांच्या वजनातला फरक इतका कमी की नेहमीच्या मशीनला ते वेगळे दिसतच नाहीत. मग रुबिडियम-८५ मोजायचं आणि ०.३८५७ ने गुणून ८७ मधून वजा करायचं, असा शिरस्ता. ऐकायला सोपं. पण वजनानुसार रुबिडियम-स्ट्रॉन्शियम प्रमाण ०.१ असेल ना, तरी रुबिडियम-८७ हे स्ट्रॉन्शियम-८६ च्या ०.२९ पट होतं, म्हणजे स्ट्रॉन्शियम-८७ च्या सिग्नलवर आणखी साधारण ४० टक्के चढून बसलेलं. या दुरुस्तीत १ टक्का चूक झाली की उत्तर ०.००२९ ने सरकलं, संपलं सगळं. आणि १ टक्का चूक होणं अजिबात कठीण नाही, कारण रुबिडियमचा मास बायस (मशीन हलके आणि जड अणू थोडे कमीजास्त मोजतं तो कल) स्ट्रॉन्शियमसारखाच आहे असं आपण गृहीत धरतो आणि तो तंतोतंत तसा नसतो. तेच प्रमाण ०.००१ असेल तर १ टक्क्याची चूक पाचव्या दशांशात ३, चालून जातं. त्यामुळे प्लॅजिओक्लेज, शिंपले, कार्बोनेट यांना लेझर हो, बायोटाइट किंवा पोटॅशियम फेल्डस्पारला साध्या लेझरने हात लावू नका. हल्ली रिॲक्शन सेलवाली मशीन आलीत, सेलमध्ये ऑक्सिजन किंवा फ्लोरिनवाला गॅस सोडतात, स्ट्रॉन्शियम त्याला चिकटून १६ किंवा १९ ने जड होतं आणि रुबिडियम मागेच राहतं, तिथे हा प्रश्न बराच सुटतो, पण तसं मशीन हाताशी असेल तर.

दुसरा क्रिप्टॉन, तो नमुन्यात नाही, आर्गॉन गॅसच्या सिलिंडरमधूनच येतो आणि ८४ आणि ८६ वर बसतो. हा त्यातल्या त्यात सज्जन. लेझर बंद ठेवून गॅस बॅकग्राउंड मोजायचं आणि वजा करायचं, नमुना उडायला लागला म्हणून क्रिप्टॉन सहसा वाढत नाही.

तिसरा मात्र एनॅमलवाल्यांचा खरा शत्रू. एनॅमल म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, त्यात कॅल्शियम वजनाने ३७ टक्क्यांच्या आसपास आणि स्ट्रॉन्शियम १०० पीपीएम, म्हणजे कॅल्शियम हजारो पटीने जास्त. प्लाझ्मात कॅल्शियम-४०, फॉस्फरस-३१ आणि ऑक्सिजन-१६ एकत्र आले की बेरीज किती? ८७. बरोब्बर त्याच कपात. मग रेशो खोटाच वर जातो, आणि स्ट्रॉन्शियम जितकं कमी तितका जास्त वर, त्यामुळे एखाद्या दातात स्ट्रॉन्शियम कमीजास्त होत असेल तर तुम्हाला सुंदर वळणदार ग्राफ मिळतो आणि तुम्ही म्हणता की बघा प्राणी कसा फिरत होता, प्रत्यक्षात तो फिरलेलाच नसतो, फिरलेलं असतं ते कॅल्शियम फॉस्फेट. मी स्वतः सुरुवातीला अशा ग्राफवर दोन आठवडे खुश होतो. मग सागरी शार्कचा दात लावून बघितला. समुद्राचा रेशो सगळीकडे एकच, ०.७०९१८ च्या जवळ, तेव्हा शार्कच्या दातात तेच यायला हवं, आलं भलतंच. मशीन ऑक्साइड कमीत कमी बनतील असं ट्यून केलं तर हा त्रास खूप कमी होतो, पण शून्य होत नाही, म्हणून एनॅमलवर लेझर मारायचाच असेल तर शार्कचा दात प्रत्येक सेशनला हवाच.

शिवाय कॅल्शियम-आर्गॉन आणि कॅल्शियम-कॅल्शियमच्या जोड्या, त्या ८२ वर लक्ष ठेवून पकडता येतात. आणि जमिनीत पुरलेल्या जुन्या हाडा-दातांमध्ये रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं) चढलेली असतात, त्यातलं अर्बियम आणि यिटर्बियम दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलं की निम्म्या वजनावर दिसतं, म्हणजे यिटर्बियम-१७४ थेट ८७ वर. याला पकडायची युक्ती छान आहे, विषम वजनाचं यिटर्बियम-१७३ पडतं ८६.५ वर, तिथे दुसरं कुणी येत नाही, तेव्हा तिथे काही दिसलं की समजायचं घरात चोर आहे.

म्हणून माझं मत: प्लॅजिओक्लेजला लेझरने सुरुवात करा, एनॅमल ड्रिल करा.

ड्रिल म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मायक्रोमिल, टंगस्टन कार्बाइडची बारीक टोकाची बिट. कोरडं ड्रिल केलं तर अर्धी पावडर स्थिर विजेने उडून प्लास्टिकला चिकटते, आणि २० मायक्रोग्रॅममधली अर्धी गेली म्हणजे काय राहिलं. त्यापेक्षा खड्ड्याच्या जागी शुद्ध पाण्याचा एक थेंब ठेवायचा, थेंबाच्या आतच ड्रिल फिरवायचं, आणि तो गढूळ थेंब पिपेटने उचलून थेट बीकरमध्ये. खड्ड्याच्या कडेला राहिलेल्यासाठी अजून एक थेंब. आधी एक उथळ फेरी मारून वरचा थर फेकून द्या, कापाचं पॉलिश, गोंद, बोटांचं सगळं त्याच थरात असतं. एनॅमलच्या बाबतीत डेंटिनला (एनॅमलखालच्या थराला) अजिबात स्पर्श नको, डेंटिन मातीतलं स्ट्रॉन्शियम स्पंजासारखं ओढतं. तुकडा ड्रिल करण्याआधी ०.१ मोलर ॲसिटिक ॲसिडने हलका धुतला तर वर बसलेलं कार्बोनेट निघून जातं, पण पावडर झाल्यावर इतक्या थोड्या मालाला धुवायला जाऊ नका, अर्धा हातचा जाईल.

वजनाच्या भानगडीत पडू नका. २० मायक्रोग्रॅम खात्रीने तोलणं फार कटकटीचं आहे आणि गरजही नाही, खड्ड्याच्या मापावरून अंदाज घ्या. नेमकं प्रमाण हवं असेल तर विरघळवल्यावर द्रावणाचा पाच-दहा टक्के भाग बाजूला काढून साध्या आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मावाल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियम बघा. फेल्डस्पारमधून जुना, मूळचा रेशो काढायचा असेल तर हे लागणारच, कारण रुबिडियम-८७ चं हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होत राहतं. एक अंदाज देतो, १० कोटी वर्षं जुना दगड आणि रुबिडियम-स्ट्रॉन्शियम ०.१ असेल तर वयाची दुरुस्ती साधारण ०.०००४ येते. म्हणजे सोडून देण्याइतकी लहान नाही, पण प्रमाणात दहा टक्के चुकलात तरी बिघडतं ते पाचव्या दशांशात ४ एवढंच.

विरघळवणं: एनॅमलला नायट्रिक पुरेसं, मिनिटात जातं. फेल्डस्पारला हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक, झाकणवाल्या पीएफए (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक) बीकरमध्ये, हॉटप्लेटवर. हायड्रोफ्लोरिकशी खेळ नाही, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका. सुकवल्यावर कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा थर राहतो आणि तो स्ट्रॉन्शियम धरून बसतो, म्हणून नायट्रिक घालून परत परत सुकवा, द्रावण आरपार स्वच्छ दिसेपर्यंत.

कॉलम (स्ट्रॉन्शियम बाकीच्यांपासून वेगळं करणारी रेझिनची नळी): क्राउन ईथरवालं स्ट्रॉन्शियम रेझिन, पन्नास ते शंभर मायक्रोलिटर बास. मोठा कॉलम म्हणजे जास्त ॲसिड, जास्त ॲसिड म्हणजे जास्त ब्लँक, म्हणजे बाहेरून येणारं स्ट्रॉन्शियम. ८ मोलर नायट्रिकमध्ये नमुना घाला, रुबिडियम, कॅल्शियम, बेरियम, पोटॅशियम वाहून जातं, स्ट्रॉन्शियम रेझिनला धरून राहतं, मग ०.०५ मोलर नायट्रिक घातलं की सोडून देतं, शिसं तिथेच मागे. रेझिन प्रत्येक नमुन्याला नवं. पैसे वाचवायला धुऊन परत वापरतात लोक, मोठ्या नमुन्यांना चालेल, इथे नाही, आधीच्या नमुन्याची आठवण त्यात राहते. शेवटी तीव्र नायट्रिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा एकेक थेंब घालून सुकवा, रेझिनमधून सुटलेला सेंद्रिय कचरा जळाला नाही तर फिलामेंटवर बीम येतच नाही आणि तुम्ही मशीनला शिव्या देत बसता.

आता ब्लँक, या सगळ्या धंद्याचं मर्म. ब्लँक म्हणजे नमुना न घालता तेच सगळं केलं तर शेवटी किती स्ट्रॉन्शियम सापडतं. १ नॅनोग्रॅमच्या नमुन्यात १० पिकोग्रॅम ब्लँक म्हणजे १ टक्का. नमुना ०.७२०० आणि ब्लँक ०.७१०० असेल तर उत्तर ०.०००१ ने सरकतं, आपण वर काढलेल्या मोजणीच्या चुकीच्या कितीतरी पुढे. पण नमुना ०.७१०५ असेल तर तोच ब्लँक पाचव्या दशांशात अर्धासुद्धा सरकवत नाही. म्हणून "आमचा ब्लँक इतका कमी" अशी फुशारकी मला फारशी सांगू नका, त्या ब्लँकचा रेशो काय आणि तो दर वेळी किती हलतो ते सांगा. १० अधिक-उणे २ असेल तर दुरुस्ती करता येते, १० अधिक-उणे १० असेल तर काहीच करता येत नाही. त्यासाठी दर बॅचला किमान दोन ब्लँक, आणि मधूनमधून पाच-सहा ब्लँक एकत्र करून त्यांचा रेशो मोजून ठेवायचा.

एकदा आमचा ब्लँक अचानक दोनशे पिकोग्रॅमवर गेला, तीन महिने. पाणी बदललं, बीकर परत उकळले, हातमोजे बदलले, रेझिन नवं मागवलं, काही नाही. शेवटी एकेक वस्तू सुटी तपासत गेलो, प्रत्येकाचे ५ मिली सुकवून मोजले, तेव्हा सापडलं, पातळ नायट्रिकच्या सामायिक बाटलीत कुणीतरी वापरलेलं पिपेट थेट बुडवलं होतं. तेव्हापासून बाटलीतून लहान बीकरमध्ये ओतून घ्यायचं आणि उरलेलं फेकायचं, परत बाटलीत नाही. तीन महिन्यांचे नमुने गेले ते गेलेच. फिलामेंटवर लावायचा टँटलमचा ॲक्टिव्हेटरसुद्धा (आयन जास्त निघावेत म्हणून घालतात तो) तपासा हो, त्यात स्ट्रॉन्शियम असू शकतं आणि तो कॉलमच्या नंतर येतो, म्हणजे नेहमीच्या केमिस्ट्री ब्लँकमध्ये दिसतच नाही.

मोजणी. १ नॅनोग्रॅम आणि खाली असेल तर माझी पसंती टिम्सला, म्हणजे फिलामेंट तापवून आयन काढणारं मशीन. ऱ्हेनियमचा एक फिलामेंट, मध्यभागी १ मायक्रोलिटरमध्ये नमुना आणि टँटलम ॲक्टिव्हेटर, थेंब पसरू द्यायचा नाही, एका जागी सुकवायचा. हळूहळू तापवा. उरलंसुरलं रुबिडियम कमी तापमानालाच जळून जातं, ८५ वर नजर ठेवा आणि ते खाली बसलं की मगच मोजायला घ्या, स्ट्रॉन्शियमचा चांगला बीम १,४०० अंशांच्या आसपास येतो. मास बायस नेहमीसारखा ८६/८८ बरोबर ०.११९४ धरून, एक्स्पोनेन्शियल नियमाने.

१ नॅनोग्रॅम अर्धा तास चालवलं तर ८८ वर अर्धा व्होल्ट आणि ८७ वर फक्त ४०-४५ मिलिव्होल्ट मिळतात, नेहमीच्या १० चा ११ वा घात ओहमच्या ॲम्प्लिफायरवर. इथे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज मोजणीच्या चुकीच्या बरोबरीला येऊन बसतो. १० चा १३ वा घात ओहमवाला असेल तर सिग्नल शंभरपट, आवाज दहापटच वाढतो, म्हणजे फायदा दहापट, निदान कागदावर. पण तो सुस्त असतो, बीम बदलला की उशिरा प्रतिसाद देतो, त्यामुळे फिलामेंटच्या शांत बीमला उत्तम आणि लेझरच्या उड्या मारणाऱ्या सिग्नलला दुरुस्तीशिवाय धोकादायक. एमसी-आयसीपी-एमएसवर (अनेक कपांच्या प्लाझ्मा मशीनवर) द्रावण देऊनही काम होतं, पाच नॅनोग्रॅमच्या वर असाल तर वेळही वाचतो, क्रिप्टॉनचं वर सांगितलंच.

स्टँडर्ड (रेशो आधीच ठाऊक असलेला पदार्थ) एसआरएम ९८७, सगळे ०.७१०२५ च्या आसपास धरतात. पण चूक अशी की लोक २०० नॅनोग्रॅमचं स्टँडर्ड लावून सुंदर आकडे दाखवतात आणि नमुना असतो १ नॅनोग्रॅमचा. स्टँडर्डही १ नॅनोग्रॅमचंच लावा, आणि काही कॉलममधून काढून लावा. त्यांचा पसारा जेवढा, तेवढी तुमची खरी चूक, स्क्रीनवर दिसते ती नाही. सोबत बीसीआर-२ बेसाल्ट (०.७०५०) तितकाच कमी विरघळवून, आणि एनॅमलसाठी परत तोच शार्क.

एक गोष्ट एनॅमलवाल्यांनी आधीच मनात ठेवावी. खड्डा ५० मायक्रोमीटरचा केला म्हणून काळ दिवसांमध्ये दिसत नाही. एनॅमल थर टाकून झाल्यावर महिनोन्‌महिने पक्कं होत राहतं आणि तेव्हा त्यात नवीन स्ट्रॉन्शियम शिरत राहतं, म्हणजे एकाच ठिपक्यात बऱ्याच महिन्यांची सरमिसळ. लहान खड्ड्याने नॅनोग्रॅम गमावता आणि बदल्यात फारसं काही मिळत नाही. मी तुमच्या जागी असतो तर एनॅमलमध्ये खड्ड्याऐवजी वाढीच्या दिशेला आडवी, लांबट चर पाडली असती, तेवढाच काळ आणि तिप्पट माल.

तेव्हा आत्ता करायचं एवढंच की नमुन्यांना हात लावू नका. पहिल्या बॅचमध्ये तीन ब्लँक आणि १ नॅनोग्रॅमची तीन स्टँडर्ड, बीकरपासून फिलामेंटपर्यंत पूर्ण रस्त्याने चालवा. ब्लँकचे आकडे आणि त्यांचा पसारा आला की तो घेऊन परत विचारा, खड्डा केवढा पाडायचा ते त्यावरून ठरवू.